पाचवीत नव्या शाळेत येणारी मुलं आणि त्यांच्या घरची माणसं: पहिला महिना सोपा कसा करायचा?

पाचवीची_बाई · ४ मे, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. मी सातारा जिल्ह्यात माण तालुक्यातल्या एका हायस्कूलवर पाचवीला शिकवते. शाळा पाचवी ते दहावी. दर जूनला दहा-अकरा वाड्या-वस्त्यांवरच्या जिल्हा परिषद शाळांतून चौथी झालेली मुलं आमच्याकडे येतात. त्यातल्या बऱ्याच शाळा द्विशिक्षकी. म्हणजे चार वर्षं दोनच गुरुजी, वीस-पंचवीस पोरं, सगळी एकमेकांच्या घरची. आणि एका सकाळी ही पोरं सातशे मुलांच्या शाळेत येऊन उभी राहतात.

मागच्या जूनमधली गोष्ट सांगते, म्हणजे मी का विचारतेय ते कळेल. शाळा सुरू झाल्याचा दुसरा दिवस. चौथा तास संपला आणि माझ्या वर्गातला एक मुलगा दिसेना. दप्तरही नाही. शिपाईमामा सायकल घेऊन सुटले. पोरगं एसटी स्टँडवर बाकड्यावर बसलेलं, मांडीवर दप्तर, गावाकडच्या गाडीची वाट बघत. विचारलं तर म्हणाला, "चार घंटा झाल्या की." त्याच्या जुन्या शाळेत घंटा दिवसातून चारदा व्हायची: भरताना, छोट्या सुट्टीला, जेवणाला आणि सुटताना. आमच्याकडे दर पस्तीस मिनिटांनी होते. त्याचा हिशोब बरोबरच होता. घंटा कशी मोजायची हे त्याला आम्ही कुणी सांगितलंच नव्हतं.

तो रस्ता ओलांडून गेला होता. त्या रात्री मला झोप आली नाही.

मग मी वर्गात एकेकाला जवळ बसवून विचारत गेले. एक मुलगी चार दिवस सगळ्या विषयांची सगळी पुस्तकं-वह्या घेऊन येत होती, कारण वेळापत्रक फळ्यावरून उतरवून घेतलं होतं पण ते आडवं वाचायचं की उभं हे कळत नव्हतं. दोघं पोषण आहाराच्या रांगेत उभीच राहत नव्हती. ताट घरून आणायचं असतं हे माहीत नव्हतं आणि विचारायची लाज वाटत होती. एक मुलगा दिवसभर लघवीला जात नव्हता. मुतारी दहावीच्या वर्गांच्या मागे, आणि तिथून जायची त्याला भीती.

यातलं एकही दुखणं अभ्यासाचं नाही, आणि अभ्यास थांबतो तो यामुळेच. पंधरा जूनला अजून सहा आठवडे आहेत. तुमच्या मुलांना किंवा तुम्हाला स्वतःला शाळा बदलताना पहिल्या दिवसांत काय अडलं, ते सांगाल का? मला यादी करायची आहे आणि हेडसरांपुढे ठेवायची आहे.

---

दोन_वेण्या · ४ मे, रात्री १०.१५

बाई, वाचताना पोटात कालवलं. माझी मुलगी मागच्या वर्षी पाचवीत गेली (तुमच्या शाळेत नाही, शेजारच्या तालुक्यात). मी मुलीचं नाही, माझंच सांगते.

प्रवेशाला गेले तेव्हा गेटच्या बाहेर अर्धा तास उभी होते. आत तीन इमारती. कुठल्या दारातून जायचं, चपला काढायच्या का, आधी क्लार्कला भेटायचं का हेडमास्तरांना, काहीच कळेना. माझं शिक्षण सातवी. गावातल्या शाळेत मी रोज जायचे, गुरुजींशी मोठ्याने बोलायचे, पोषण आहाराच्या ताईला भाजी निवडू लागायचे. इथे तोंडातून शब्द फुटेना. शेवटी एक मुलगा पाण्याची बाटली भरायला बाहेर आला, त्याने नेलं.

दुसरं, व्हॉट्सॲप ग्रुप. शाळेने नंबर घेतला तो मुलीच्या वडिलांचा. ते तुर्भ्याला मार्केटमध्ये माथाडी. सगळ्या सूचना त्यांच्या फोनवर, आणि घरी मी आणि सासूबाई. "उद्या सहलीचे पैसे आणा" हा निरोप मला रात्री साडेअकराला कळायचा, त्यांची पाळी सुटल्यावर. दोन महिने असंच चाललं. मग मी धीर करून वर्गशिक्षकांना सांगितलं, त्यांनी लगेच माझा नंबर घेतला. म्हणजे सांगायचाच उशीर होता, पण सांगायचं कुणाला हे ठाऊक असायला हवं ना.

---

पाचवीची_बाई · ४ मे, रात्री १०.३२

@दोन_वेण्या, फार मोलाचं सांगितलंत. आमच्याकडे निम्म्या मुलांचे वडील मुंबईला नाहीतर पुण्याला. प्रवेश अर्जावर आता एक ओळ वाढवते: "रोज संध्याकाळी मुलाजवळ घरी कोण असतं? त्यांचा नंबर."

---

खडू_फळा · ५ मे, सकाळी ७.०५

मी पलीकडच्या बाजूचा, म्हणजे जिल्हा परिषद शाळेतला, चौथीचा शिक्षक. दरवर्षी मुलं पाठवतो आणि दरवर्षी पोटात गोळा येतो.

कागदांचं आधी. शाळा सोडल्याचा दाखला देण्यापूर्वी एप्रिलमध्येच पालकांना बोलावून जन्मदाखला, आधार आणि आमचं जनरल रजिस्टर शेजारी शेजारी ठेवून नाव, जन्मतारीख, आईचं नाव जुळवून घ्यायचं. एका वेलांटीचा फरक आज क्षुल्लक वाटतो, दहावीला तोच गळ्याशी येतो. फरक दिसला तर दाखला हातात पडायच्या आधी बोला. नंतरची दुरुस्ती फार हेलपाटे घालायला लावते.

दाखला मिळायला उशीर झाला म्हणून मुलाला घरी बसवू नका. २००९च्या शिक्षण हक्क कायद्यात कलम ५ मध्ये स्पष्ट लिहिलंय की दाखल्याला उशीर हे प्रवेश लांबवायचं किंवा नाकारायचं कारण होऊ शकत नाही. मुलाची ऑनलाइन नोंद नव्या शाळेने विनंती पाठवायची आणि जुन्या शाळेने मान्य करायची, ते काम शाळा-शाळांमधलं आहे. पालकांनी त्यासाठी नेट कॅफेत पैसे घालवू नयेत. प्रवेशासाठी मुलाची परीक्षा किंवा मुलाखत घ्यायलाही त्याच कायद्याने बंदी आहे.

आता मनातलं. मुलगा चार वर्षं माझ्या हाताखाली असतो. तो कुठे अडखळतो, कुणाला मोठ्याने बोललं की गप्प होतो, कुणाला लांबचं दिसत नाही, हे मला माहीत असतं. दाखल्यावर यातलं काही येत नाही, तिथे "वर्तणूक चांगली" एवढंच. दोन वर्षांपासून मी प्रत्येक मुलामागे अर्धं पान हाताने लिहून हायस्कूलच्या वर्गशिक्षकांना नेऊन देतो. एकीला जोडाक्षरं जड जात होती. पूर्वी असती तर "कच्ची" म्हणून मागच्या बाकावर गेली असती. त्या सरांनी तिला पहिल्या बाकावर घेतलं.

---

रोखठोक_काका · ५ मे, सकाळी ८.२०

बाई, तुमची तळमळ कळते. पण एक वेगळं मत मांडतो. आम्ही १९७८ला पाचवीला सहा किलोमीटर चालत गेलो. कुणी घंटा समजावली नाही, कुणी मुतारी दाखवली नाही. चार दिवस रडलो, पाचव्या दिवशी रुळलो. मुलांना थोडं चाचपडू द्यावं, त्यातूनच धीट होतात. सगळं हातात दिलं तर पुढे कॉलेजला काय करतील?

---

पाचवीची_बाई · ५ मे, दुपारी १.१०

काका, चाचपडू द्यावं हे मला मान्य आहे. वर्गातला मित्र स्वतः शोधावा, भांडण स्वतः मिटवावं, नव्या सरांचं अक्षर लावता लावता वाचायला शिकावं. पण तुमच्याबरोबर सहा किलोमीटर चालणारी किती मुलं दिवाळीनंतर दिसली नाहीत, आठवून बघा. माझी थोरली बहीण त्यातली. तिला हायस्कूलचं पटांगण ओलांडायची भीती वाटायची. ती नंतर शेळ्यांमागे गेली ती कायमचीच. आज तिची नात माझ्या शाळेत यायची आहे.

---

रोखठोक_काका · ५ मे, दुपारी २.४५

बाई, तुमचं वाचून बसल्या बसल्या आठवत राहिलो. आम्ही वस्तीवरून अकरा जण निघालो होतो. दहावीला चौघं होतो. तिन्ही मुली सहावीच्या आतच थांबल्या. हे मी आजवर मोजलंच नव्हतं.

---

लाल_परी · ५ मे, संध्याकाळी ६.००

मी एसटीत आहे, आगाराचं नाव लिहीत नाही. गाडीचं सांगतो, कारण नवीन पालकांना हे हमखास माहीत नसतं.

मुलींना पाचवीपासून बारावीपर्यंत अहिल्यादेवी होळकर योजनेत शाळेपर्यंतचा प्रवास पूर्ण मोफत आहे. मुलग्यांना पासात दोन तृतीयांश सवलत, म्हणजे एक तृतीयांश पैसे भरायचे. २०२४च्या जूनपासून पास थेट शाळेत देण्याची पद्धत सुरू झालीय. शाळेने विद्यार्थ्यांची यादी आगाराला द्यायची, मुलांनी रांगेत उभं राहायची गरज नाही. पण यादी वेळेवर आली तरच ते होतं! बऱ्याच शाळा जुलै उजाडल्यावर यादी देतात आणि तोवर मुलगे पूर्ण तिकीट काढतात. ज्याला परवडत नाही तो घरी राहतो.

बाई, शाळा किती वाजता सुटते आणि कुठल्या गावाची किती मुलं आहेत, हे हेडसरांच्या सहीने मे महिन्यातच आगारप्रमुखांना द्या. शाळा पाच दहाला सुटते आणि गाडी पाचला निघते, असला प्रकार मी डोळ्यांनी बघितलाय. दहा मिनिटांसाठी पोरं सव्वासातपर्यंत स्टँडवर. पत्र आलं तर वेळ सरकवता येते.

आणि पोरांना एवढं शिकवून ठेवा: पाटी वाचता आली नाही तर कंडक्टरला विचारायचं, लाजायचं नाही.

---

पाचटातली_पाखरं · ६ मे, रात्री ११.२०

बीड जिल्ह्यातून लिहितोय. हा धागा जूनमध्ये येणाऱ्या मुलांचा आहे, मला मार्चमध्ये येणाऱ्यांचं सांगायचंय.

आमच्याकडे दिवाळीच्या आसपास टोळ्या ऊसतोडीला निघतात. ज्या घरात म्हातारी माणसं नाहीत तिथली पोरं आईबापाबरोबर जातात. काही ठिकाणी हंगामी वसतिगृह असतं, तिथे राहतात ती बरी. बाकीची कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या तात्पुरत्या झोपडीत. शिक्षण हमी कार्ड बरोबर दिलं तर कारखान्याजवळच्या शाळेला त्यांना बसवून घ्यावंच लागतं आणि परत आल्यावर हजेरीचा दुवा राहतो. पण पाचवीत गेलेल्या मुलाचं कार्ड कोण काढणार? जुन्या शाळेला वाटतं नवी काढेल. नव्या शाळेला मूल जेमतेम चार महिने माहीत, त्यांच्या ध्यानातच येत नाही.

मग ते पोर मार्चमध्ये परत येतं. तोवर बाक ठरलेले, जोड्या ठरलेल्या, वही अर्धी कोरी. त्याच शाळेत ते दुसऱ्यांदा नवीन असतं, आणि या वेळी त्याला कुणी नवीन म्हणत नाही. त्यात २०२३-२४पासून पाचवीला वार्षिक परीक्षा आणि नापास झालं तर पुनर्परीक्षा. बऱ्याच आईबापांना अजून वाटतं आठवीपर्यंत नापास करतच नाहीत.

जूनमध्ये जे काही कराल, ते मार्चमध्ये एकदा परत करा, दोन पोरांसाठी का होईना.

---

खडू_फळा · ७ मे, सकाळी ६.५०

@पाचटातली_पाखरं, कार्डाचं तुम्ही म्हणता ते अगदी खरं. स्थलांतर होणारी घरं मला माहीत असतात. यंदा अर्ध्या पानावर तेही लिहीन.

आणखी एक. २०२० नंतर काही गावांत पाचवी जिल्हा परिषदेच्या शाळेलाच जोडली गेली. तिथली मुलं हायस्कूलला सहावीत जातात. त्यांचं जास्त अवघड. वर्ग वर्षभर आधीच जमलेला, आणि पुस्तकंही एकदम फुटतात. पाचवीपर्यंत परिसर अभ्यासाची दोनच पुस्तकं असतात. सहावीत विज्ञान वेगळं, इतिहास-नागरिकशास्त्र वेगळं, भूगोल वेगळा. प्रत्येकाला वेगळे सर, वेगळी वही. त्यांना पाचवीच्या मुलांच्या कार्यक्रमात धरा, सहावीत आली म्हणून सोडू नका.

---

जर्सीची_जाई · ७ मे, सकाळी ९.१५

न्यू जर्सीतून. इथे आमच्या गावात सहावीपासून मिडल स्कूल, वेगळी इमारत. माझा मुलगा मागच्या सप्टेंबरला गेला. परिस्थिती अगदी निराळी, पण पोराची भीती तीच.

त्याला काय छळत होतं सांगू? लॉकरचं कुलूप. आकड्यांची तबकडी फिरवायची: आधी उजवीकडे, मग डावीकडे एक पूर्ण फेरा घेऊन पुढच्या आकड्यावर, मग परत उजवीकडे. दोन तासांमध्ये चार मिनिटं मिळतात. उघडलं नाही तर वही नाही आणि वर्गात उशीर. मी दुकानातून तसंच एक कुलूप आणलं. पंधरा दिवस तो जेवणाच्या टेबलावर आमटी-भात खाता खाता ते उघडत होता. शाळा सुरू व्हायच्या आधी एका दुपारी शाळेने नव्या मुलांना बोलावलं. आठवीच्या मुलांनी हातात वेळापत्रक देऊन रिकाम्या इमारतीतून एकदा सगळ्या तासांच्या क्रमाने चालवलं. घरी आल्यावर म्हणाला, "आई, आता मला पायांनी माहितीय."

बाई, रिकाम्या शाळेतून एकदा चालवा त्यांना. गर्दी नसताना.

---

उंबरठा · ७ मे, दुपारी ४.४०

मी आशा सेविका आहे. मुलींचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते.

पाचवी-सहावीत पुष्कळ मुलींची पाळी सुरू होते. नवी शाळा, अनोळखी बाई, आणि पहिल्यांदा शाळेतच झालं तर? एक मुलगी ओढणी बांधून तीन तास बाकावरून उठली नव्हती. पहिल्याच आठवड्यात मुलींना वेगळं बसवून एका बाईंनी सांगावं: माझं नाव हे, मी या खोलीत असते, पॅड या कपाटात आहे, मागायला कारण सांगावं लागत नाही. पाच मिनिटांचं काम आहे.

२०२२पासून प्रत्येक शाळेत मुलांच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समिती असायला हवी. त्यात कोण आहे हे आयांना तोंडी सांगा, नुसता फलक लावून भागत नाही. आणि १०९८ हा अडचणीतल्या मुलांसाठीचा मदतीचा नंबर प्रत्येक मुलाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून घ्या. मुलग्यांच्यासुद्धा.

---

वस्तीवरची_पोर · ८ मे, रात्री ८.३०

मी आता बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. पाचवीत गेले तेव्हा आमच्या वस्तीवरची एक ताई आठवीला होती. तिला कुणी सांगितलं नव्हतं, पण ती पहिला महिनाभर मला एसटीतून उतरल्यावर वर्गाच्या दारापर्यंत सोडायची आणि मधल्या सुट्टीत एकदा डोकावून जायची. बोलायची काही नाही. दारातून बघायची, मी दिसले की जायची.

मला त्या महिन्यातला अभ्यास आठवत नाही. दारातली ती आठवते.

बाई, प्रत्येक नव्या मुलाला त्याच्याच गावचं एक मोठं मूल जोडून द्या. त्याच गाडीने येणारं. हुशार असलंच पाहिजे असं नाही.

---

पाचवीची_बाई · ८ मे, रात्री ९.०५

ठरलं. काय काय केलं ते इथेच येऊन सांगेन.

---

पाचवीची_बाई · २० जुलै, सायंकाळी ७.१५

उशीर झाला, पण आले. जे जमलं आणि जे फसलं ते दोन्ही सांगते.

आधी फसलेलं. पालकांची बैठक जूनच्या पहिल्या शनिवारी अकराला ठेवली. नऊ जण आले. दोन दिवसांपूर्वी पाऊस झाला होता आणि सगळे बाजरीच्या पेरणीच्या गडबडीत. माझीच चूक, मी इथलीच आहे, मला कळायला हवं होतं. मग पुढची बैठक आठवडी बाजाराच्या दिवशी ठेवली, दुपारी तीनला, बाजार आटोपल्यावर. आया पिशव्या घेऊन आल्या, आज्या आल्या. कोथिंबिरीच्या जुड्या बाकावर ठेवून ऐकत होत्या. वर्ग भरला. खुर्च्या मांडल्या नाहीत, सगळेच मुलांच्या बाकांवर बसलो. गेटवर नववीच्या दोन मुली उभ्या केल्या होत्या, त्यांचं काम एवढंच की बाहेर थांबलेल्या बाईमाणसाला आत घेऊन यायचं. @दोन_वेण्या, हे तुमच्यामुळे.

आगाराला पत्र १९ मेला दिलं. एका गाडीची वेळ पंधरा मिनिटं पुढे सरकली. दुसरी नाही सरकली, त्या गावच्या मुलांना शेवटच्या तासाला पाच मिनिटं आधी सोडतो.

खडू_फळा गुरुजींसारखं अर्धं पान मी सगळ्या शाळांकडे मागितलं. सात शाळांनी दिलं. एका पानावर एवढंच होतं: "याला आई नाही. आजी येईल. आजीला ऐकू कमी येतं, समोर बसून बोलावं." त्या आजी बैठकीला आल्या, मी समोर जाऊन बसले.

१३ आणि १४ जूनला रिकाम्या शाळेत मुलांना बोलावलं. गावागावाने गट केले, बरोबर त्याच गावचे मोठे सोबती. वर्ग, पाण्याच्या टाक्या, मुतारी, ऑफिस, पोषण आहाराची जागा, परत वर्ग. दोनदा चालवलं, दुसऱ्या वेळी नवी मुलं पुढे आणि सोबती मागे. पाचवीची मुतारी आता वेगळी करून घेतली, मुलींच्या बाजूला कडी नव्हती ती बसवली. मग शिपाईमामांनी घंटा वाजवून दाखवली. तास संपल्याचा एक टोल, छोट्या सुट्टीचे दोन, जेवणाचे तीन, आणि शाळा सुटली की न थांबता लांबलचक.

मागच्या वर्षी स्टँडवर सापडलेला मुलगा यंदा सहावीत आहे. सोबती म्हणून आम्ही सातवीच्या पुढचीच मुलं घ्यायचं ठरवलं होतं. तो येऊन म्हणाला, "बाई, घंटा मी सांगतो ना." त्याच्या वस्तीवरून यंदा तिघं आलीत. पहिल्या दिवशी बघितलं तर त्याने त्यांच्या तळहातावर पेनाने लिहून दिलं होतं: १ बसून राहा, २ पाणी, ३ जेवण, लांब घर.

पाचवीचं एकही मूल यंदा शाळेच्या वेळात स्टँडवर गेलं नाही. एक मुलगी मात्र २ जुलैपासून येत नाहीये. सोबतीण रोज निरोप आणते की घरी लहान भाऊ आजारी आहे. मी उद्या वस्तीवर जाऊन येणार आहे.

---

उंबरठा · २० जुलै, रात्री ८.००

बाई, तिथल्या आशाताईंना बरोबर घ्या. घरात आजारपण असेल तर त्या आधी बघतील आणि आई मोकळं बोलेल.

---

खडू_फळा · २० जुलै, रात्री ८.२५

आमच्या केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत हे सगळं मांडतो. बाई, गटांना फिरवताना शाळेचा नकाशा वापरला होतात का? असेल तर फोटो टाकाल? माझ्या चौथीच्या मुलांना एप्रिलमध्येच दाखवेन.

---

पाचवीची_बाई · २० जुलै, रात्री ८.४०

आहे. मुलांनीच काढलाय, पण पेन्सिलीने, फोटोत उमटत नाही. सोमवारी त्यांच्याकडून शाईने गिरवून घेते आणि टाकते. आशाताईंना आत्ताच फोन लावते.